सहा व्होल्टची वरात

प्रेमराजभाऊंनी बत्तीस वर्षं दीपनगरच्या वीज केंद्रात काढली. तिथली सगळी वीज आपण एकट्याने तयार केली असं ते कधी म्हणाले नाहीत, पण कुणी तसा समज करून घेतला तर तो त्यांनी खोडूनही काढला नाही. रिटायर होऊन जळगावात घर बांधल्यावर कॉलनीत कुणाचा मिक्सर फिरेनासा झाला, कुणाच्या इन्व्हर्टरने मान टाकली, की लोक त्यांच्याकडे येत. भाऊ चष्मा पुसत आणि "लोड किती आहे?" असं विचारत. लोकांना लोड ठाऊक नसे. मग ते ओशाळून घरी जात आणि वायरमनला बोलावत, आणि भाऊंचा मान शाबूत राहत असे.

अशा माणसाला सहा व्होल्टच्या एका चिमुकल्या बॅटरीने दीड महिना घाम फोडला, ही गोष्ट त्यांच्या हयातीत सांगू नये हे खरं. पण ती त्यांनी स्वतःच भर लग्नात उघडी केली, म्हणून सांगायला हरकत नाही.

बॅटरी ज्या मोटारसायकलची, ती गाडी अडुसष्ट सालची. भाऊंच्या वडिलांनी केळीच्या एका चांगल्या हंगामानंतर चोपड्यात घेतलेली. बनवणारी कंपनी कधीच निवर्तली, तेव्हा गेलेल्याचं नाव कशाला घ्या. वडिलांमागे ती भाऊंकडे आली आणि पंचवीस वर्षं पोत्याखाली झोपून राहिली. तिला उठवायला कारण झालं मुलीच्या, ऋतिकाच्या, साखरपुड्याचं.

साखरपुड्यात जेवणं उरकल्यावर नवरीने मांडवात कसं यावं यावर चर्चा निघाली. हल्ली ही चर्चा हुंड्याच्या जागी असते. कुणी म्हणालं बैलगाडी, कुणी म्हणालं वरून उघडी कार. ऋतिका म्हणाली, "मी पप्पांच्या जुन्या मोटारसायकलवर येईन. लहानपणी पोतं बाजूला करून तिच्यावर बसायचे, ती कधी हललीच नाही."

तीनशे माणसांनी भाऊंकडे पाहिलं. अशा वेळी माणसाने गप्प बसावं, पण भाऊ उभे राहिले आणि म्हणाले, "येईल. आणि गोरज मुहूर्ताला हेडलाइट लावून येईल." हेडलाइटचं कुणीच विचारलं नव्हतं.

पलीकडच्या खुर्चीवर व्याही बसले होते. धुळ्याचे लोटन आबा. बुटका, कमी बोलणारा माणूस. धुळ्यात त्यांचं मोटारी बांधायचं दुकान, म्हणजे जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढून नवी भरायची. विहिरीवरचे पंप, पंखे, जे येईल ते. मुलगा कुंदन पुण्यात चांगल्या नोकरीला, स्थळ सगळ्या बाजूंनी उत्तम, पण व्याह्यांच्या धंद्यावर आलं की भाऊ बायकोला, सुनंदाबाईंना, हळूच म्हणत, "आम्ही वीज तयार करणारे, ते तार गुंडाळणारे." सुनंदाबाई म्हणत, "तार नसती तर तुमची वीज काय कावडीने नेली असती?" तर या लोटन आबांनी त्या दिवशी आपल्या बोलीत फक्त एवढंच विचारलं, की डायनामो चालू शे का. भाऊंनी पुस्तकी मराठीत उत्तर दिलं की त्याची काळजी नसावी.

काळजी असायला हवी होती. गाडी सुरू तर झाली, आवाजाने कॉलनीतली कुत्रीही जमली, पण चार्जिंग होईना. आता हे प्रकरण सोपं आहे. इंजिन फिरलं की त्याच्याबरोबर डायनामो फिरतो, डायनामो बॅटरी भरतो, आणि बॅटरी इंजिनाला ठिणगी आणि दिव्याला उजेड देते. हँडलजवळ एक छोटं मीटर असतं. काटा अधिककडे गेला तर बॅटरी भरते आहे, उणेकडे गेला तर रिकामी होते आहे. भाऊंचा काटा उणेकडे जाऊन बसला तो हलेना. म्हणजे गाडी बॅटरीतलं होतं तेवढं खाऊन चालणार आणि संपलं की रस्त्यात उभी राहणार. मागे शालू नेसलेली नवरी असताना उभी राहणार.

भाऊंनी काम दीपनगरच्या शिस्तीने हाती घेतलं. तिथला नियम असा, की परमिट घेतल्याशिवाय स्क्रूलाही हात लावायचा नाही, आणि काम संपल्यावर परमिट परत केल्याशिवाय बटण दाबायचं नाही. त्यांनी दोनशे पानी रजिस्टर आणलं, स्वतः अर्ज केला आणि स्वतःच मंजूर केला. हँडलला लाल पाटी लावली, 'काम सुरू आहे, स्विच लावू नये.' सुनंदाबाईंनी सवयीने गाडीवर टॉवेल वाळत घातला, तर रजिस्टरमध्ये नोंद झाली: दहा चाळीस, टॉवेल काढण्याची सूचना. अकरा पंधरा, सूचना धुडकावली.

पहिल्या दिवशी डायनामोपासून बॅटरीपर्यंत सगळं तपासून त्यांनी निदान लिहिलं: वायरिंग उत्तम, कटआउट उत्तम, दोष बॅटरीत. कटआउट म्हणजे सीटखालची काळी डबी. डायनामो पुरेसा जोरात फिरला की तिच्यातले दोन पॉइंट चिकटतात आणि वीज बॅटरीकडे जाते. त्या डबीवर त्यांनी 'तपासले' असं लिहून सही केली. पुढे जो जो गाडीपाशी आला त्याला ते बजावत, "डबीला हात लावू नका. ती मी स्वतः पाहिली आहे."

नवी बॅटरी घालून भाऊ गिरणेवरच्या बांभोरी पुलाकडे निघाले. जाताना कॉलनीला हात केले. येताना ते चोपड्याहून केळी नेणाऱ्या एका ट्रकच्या हौद्यात, मोटारसायकलीसह, घडांच्या वर बसून आले. ड्रायव्हर भला माणूस, दारात आणून सोडलं. पण दार म्हणजे कॉलनीचं मोठं गेट, आणि वेळ संध्याकाळी सहाची, म्हणजे सगळी कॉलनी फिरायला निघालेली. प्रत्येकाने विचारलं, "काय भाऊ, बंद पडली?" भाऊ म्हणाले, "चाचणी होती."

त्या दिवसापासून सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. आपल्याकडे कुणाच्या घरी आजारपण आलं तर लोक औषध सांगतात, पण बंद गाडी दिसली की न विचारता जवळ बसूनच घेतात. समोरच्या कुंदाबाईंचं म्हणणं, नजर लागली आहे. त्यांनी लिंबू-मिरची बांधली. ती इतकी पुढे आली की हँडल वळेना. शेजारचे योगराज सर शाळेत विज्ञान शिकवत, ते मीटर घेऊन आले. त्यांनी डायनामोच्या तोंडाशी मोजलं, आणि म्हणाले की जुन्या डायनामोचं चुंबकत्व निघून जातं, त्याला बॅटरीचा एक झटका द्यावा लागतो. हे अगदी शास्त्रोक्त होतं. झटका दिला. चुंबकत्व आलं की नाही कळलं नाही, पण हॉर्न वाजायला लागला आणि तो थांबेना. दुपारी अडीचची वेळ, मे महिना, कूलरसमोर आडवी झालेली अख्खी कॉलनी. सरांनी हॉर्नवर उशी दाबून धरली आणि भाऊंनी रजिस्टरमध्ये वेळ लिहिली.

मग आला मगन मिस्त्री. त्याने डायनामो उघडला आणि आतले कार्बन दाखवले. कार्बन म्हणजे फिरत्या भागावर घासणारे दोन काळे तुकडे, ते झिजून हरभऱ्याच्या डाळीएवढे झाले होते. तसे नवे कुठेच मिळत नाहीत म्हणून मगनने दुसऱ्या कसल्या मोटारीचे मोठे कार्बन आणून, कानशीने घासून बरोबर मापाचे केले. काम इतकं देखणं झालं की भाऊ खूश झाले. गाडी सुरू केली. काटा उणेकडेच. मगनने डबी उघडू का म्हणून विचारलं. भाऊंनी सही दाखवली.

दरम्यान गाडीची नोंदणी केव्हाच संपलेली, ती ताजी करायला आरटीओत जाणं आलं. कागदावर गाडीचा रंग हिरवा, आणि गाडी तर काळी. वडिलांनी चौऱ्याहत्तर साली रंग बदलला, तो का बदलला हे सांगायला वडील नव्हते. भाऊंनी प्रतिज्ञापत्र केलं. मग साहेबांनी तपासणी घेतली. म्हणाले, हेडलाइट लावा. लागला. हॉर्न वाजवा. वाजला, पण हेडलाइट गेला. पुन्हा हेडलाइट लावला तर इंजिन गेलं. साहेब तरुण होते आणि सभ्य होते. त्यांनी विचारलं, "काका, यातलं एका वेळी एकच मिळतं का?" पंधरा दिवसांनी या म्हणाले. पंधरा दिवसांनी लग्न होतं.

त्या रात्री भाऊ जेवले नाहीत. सुनंदाबाई म्हणाल्या, "लोटन आबांना एक फोन करा. त्यांचं कामच ते." भाऊ ताठ झाले. मुलीच्या सासरचं पाणी पिऊ नये अशी आपली रीत, आणि तिच्या सासऱ्याकडून गाडी दुरुस्त करून घ्यायची? आणि तेही बत्तीस वर्षं दीपनगरला काढलेल्या माणसाने? उद्या धुळ्यातली सगळी भावकी म्हणेल, पोरीच्या बापाला सहा व्होल्ट झेपले नाहीत. सुनंदाबाईंनी ताट झाकून ठेवलं आणि म्हणाल्या, "मग पोरीला खरं सांगून टाका." ते तर भाऊंना त्याहून जमणारं नव्हतं. ऋतिका रोज नोकरीच्या ठिकाणाहून, पुण्याहून, फोन करून आधी गाडीची तब्येत विचारत होती, मग आईची.

म्हणून त्यांनी तो प्रसिद्ध निर्णय घेतला. लग्नाआधी व्याह्यांच्या घरी कुंकू लावलेली पत्रिका द्यायला धुळ्याला जायचं होतंच. तर गाडीवरच जायचं. एकदा का गाडी धुळ्याच्या दारात फटफटत उभी राहिली, की संशय कायमचा मिटला. चार्जिंगवर उपाय त्यांनी गणिताने काढला: एका भरलेल्या बॅटरीवर गाडी तीस किलोमीटर जाते, धुळं नव्वद, तेव्हा तीन बॅटऱ्या. एक गाडीत, दोन पिशवीत, पिशवीवर पेढ्यांचा पुडा. परत येताना त्या धुळ्याच्या दुसऱ्या टोकाला, जिथे व्याह्यांना कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी भरून घ्यायच्या.

पहिली बॅटरी एरंडोलला बरोबर संपली. भाऊंनी रसवंतीवर थांबून ऐटीत बदलली. दुसरी पारोळ्याच्या पुढे संपली. तिसरीचा मात्र उन्हाने जीव घेतला, का पिशवीत पेढ्यांचं तूप तिच्यावर सांडलं होतं त्याने, देव जाणे. फागण्याच्या अलीकडे गाडी दोनदा खोकली आणि उभी राहिली. धुळं दहा किलोमीटर. डोक्यावर चव्वेचाळीस अंश.

अर्ध्या तासाने एक पिकअप थांबली. मागे आठ शेळ्या, पुढे भटू नावाचा ड्रायव्हर. त्याने गाडीकडे पाहिलं आणि काही न विचारता मागचं फळकूट खाली केलं. पुढच्या सीटवर त्याची आई बसली होती, म्हणून भाऊंना शेळ्यांमध्ये उभं राहावं लागलं. त्यांनी खिडकीतून वाकून सांगितलं की कुठल्याही मेकॅनिककडे सोड, फक्त अगदी बाजारपेठेत नको.

"डायनामो शे ना?" भटू म्हणाला. "मंग धुयामा एकच माणूस."

भाऊंनी विचारलं, दुसरा कुणी?

"दुसरा कोन्ही नई."

तर अशा रीतीने मुलीचे वडील पत्रिका घेऊन व्याह्यांच्या दारी आले. उजव्या हातात पेढे, डाव्या हाताने गाडी धरलेली, आणि एक शेळी सदऱ्याची बाही चघळत होती. लोटन आबा बनियनवर बसून पंप बांधत होते. ते उठले. हसले नाहीत, दचकले नाहीत. आधी शेळीच्या तोंडातून बाही सोडवली, मग गाडी उतरवली, मग व्याह्यांना खुर्ची दिली आणि माठातून पाण्याचा तांब्या आणला. भाऊंनी कोरड्या पडलेल्या घशाने रीतीची आठवण करून दिली.

"हाई दुकान शे, याही," लोटन आबा आपल्या व्याह्यांना म्हणाले. "घर नई. पानी ल्या."

भाऊंनी तांब्या रिकामा केला. मग दुसरा केला. पाणी पोटात गेल्यावर त्यांच्या डोळ्यांतही थोडं आलं, पण उन्हाचं निमित्त होतं.

आबांनी डायनामोला कान लावला, मीटर लावलं, मगनचे कार्बन पाहून मान डोलावली. म्हणाले, डायनामो झकास शे. मग हात सीटखाली गेला. भाऊ सवयीने म्हणाले की ती डबी मी स्वतः तपासली आहे. आबांनी सही वाचली, आदराने दोन स्क्रू काढले आणि झाकण उघडलं. आत, जिथे दोन पॉइंट एकमेकांना चिकटायचे तिथे, मध्ये पुठ्ठ्याची एक बारीक पट्टी घातलेली होती. आबांनी ती चिमट्याने ओढली, चष्म्यासमोर धरली आणि वाचली.

"याही," ते म्हणाले, "मन्हं नाव अठे काय करी राह्यनं?"

साखरपुड्याच्या उरलेल्या कार्डांची टाचणं करून भाऊ वर्षभर वापरणार होते. त्यातल्याच एकाची ही पट्टी. तिच्यावर सोनेरी अक्षरात लोटन आणि पुढे निम्मं आडनाव. आणि मग भाऊंना सगळं लख्ख आठवलं. दीपनगरला कुठल्या यंत्रावर काम करताना चुकून वीज सुरू होऊ नये म्हणून पॉइंटमध्ये पुठ्ठा घालून ठेवायची पद्धत. त्यांनी पहिल्याच दिवशी शिस्तीने तो घातला होता, झाकण लावलं होतं, वर सही केली होती. रजिस्टरमध्ये परमिट घेतल्याची नोंद होती. परत केल्याची नव्हती. मगनने कार्बन बसवले त्याच दिवशी गाडी बरी झाली होती, आणि तेव्हापासून आरटीओत नेऊन, तीन बॅटऱ्या वाहून, शेळ्यांमध्ये उभं राहून भाऊ स्वतःचाच पुठ्ठा शोधत होते.

खोटं बोलायला जागा होती. मगनवर ढकलता आलं असतं, योगराज सर तर तयारच होते. पण समोर हा माणूस स्वतःच्या नावाची पट्टी चिमट्यात धरून उभा होता. भाऊंच्या तोंडून बत्तीस वर्षं ऑफिसच्या मराठीखाली दाबून ठेवलेली आईची बोली निघाली.

"मीच टाकेल शे, आबा. वापस काढाले इसरी गऊ."

लोटन आबांनी पट्टी खिशात ठेवली. "दीड महिना मन्हं नाव तुमले आडवं व्हतं," ते म्हणाले. "आते निंघनं." आणि मग दोघेही हसायला लागले, ते पंप घ्यायला आलेलं गिऱ्हाईक परत गेलं तरी थांबले नाहीत. गाडी सुरू केली. काटा उठला आणि अधिककडे जाऊन उभा राहिला. भाऊंनी आबांना मिठी मारली, बनियनसकट.

आठ दिवसांनी, विनंतीवरून मुदतीआधीच, आरटीओच्या साहेबांनी हॉर्न आणि हेडलाइट एकदम पाहिले आणि सही केली.

लग्न जळगावातच, हायवेजवळच्या एका लॉनवर. घरापासून अंतर पाच किलोमीटर. निघायच्या आधी व्हिडिओवाल्याने गाडी चालू ठेवून, हेडलाइट लावून, अर्धा तास वेगवेगळ्या कोनांतून चित्रीकरण केलं. मग ऋतिका मागे बसली, शालू आवरला, आणि लहानपणी बसायची तशी एका हाताने पप्पांचा पट्टा धरला.

आता डायनामोचा एक स्वभाव असतो. गाडी जोरात पळाली तरच तो भरतो. गाडी रेंगाळली की काटा उणेकडे येतो आणि दिवा बॅटरी खात बसतो. भाऊंना हे पाठ होतं. त्यांनी हायवेचा सरळ रस्ता ठरवलाही होता. पण पहिल्याच वळणावर ऋतिकाने खांद्यावर हनुवटी टेकली आणि विचारलं, "पप्पा, हिला इतकं हळू चालता येतं?" भाऊंनी डावीकडे वळवली. जुन्या शाळेवरून घेतली. तिच्या क्लासवरून घेतली. काटा उणेकडे होता. त्यांनी पाहिला आणि पुन्हा पाहिला नाही. पोर जाणार होती आणि गाडी पळवायला त्यांचा हात धजत नव्हता. पाच किलोमीटरला त्यांनी पाऊण तास लावला.

लॉनचं गेट दिसलं, बँडवाल्यांनी तोंडाला वाद्यं लावली, आणि शंभर पावलांवर हेडलाइट पिवळा झाला, लाल झाला, विझला. इंजिनही थांबलं. मग माणसं धावली. योगराज सर म्हणाले चुंबकत्व, मगन म्हणाला कार्बन नसणार, कुंदाबाईंनी पर्समधून लिंबू काढलं. कुणीतरी नवरीसाठी कार आणायला पळालं.

गर्दीतून गुलाबी फेटा बांधलेले लोटन आबा आले. त्यांनी काट्याकडे पाहिलं, मग भाऊंच्या डोळ्यांकडे.

"याही, कितली हाळू आनी?"

"जितली येत व्हती तितली," भाऊ म्हणाले, आणि भर मांडवासमोर, सगळ्या भावकीदेखत, त्यांना रडू फुटलं. रडता रडता त्यांनी पुठ्ठ्याची गोष्टही सांगून टाकली, कुणी विचारलं नसताना.

लोटन आबा लोकांकडे वळले. "गाडीले काही व्हयेल नई," ते म्हणाले. "बठ्ठं बरोबर शे. ढकला." आणि धोतराचा सोगा खोचून त्यांनी स्वतः मागच्या मडगार्डला खांदा लावला. दुसऱ्या बाजूने कुंदन आला, बाशिंग सावरत. बँड सुरू झाला. ऋतिकासाठी आणलेली कार रिकामी परत गेली, कारण मांडवाच्या दारापर्यंत ती गाडीवरून उतरलीच नाही.